‘साहसी खेळ’ म्हणजे नेमकं काय, ते लिहून द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
आणि प्रवास विमा विकणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख



गेल्या फेब्रुवारीत आम्ही ठाण्याहून आठ जण गुलमर्गला गेलो होतो. सर्वांत मोठ्या माझ्या सासूबाई, वय ७१. सर्वांत धाकटा माझा मुलगा, वय ६. तिसऱ्या दिवशी सकाळी माझी १२ वर्षांची भाची गोल्फ मैदानावरच्या उतारावर स्कीइंग शिकताना पडली. हा उतार नवशिक्यांचाच. शिक्षक चार हातांवर उभा होता, वेगही नव्हता. एक स्की बर्फात रुतली, बूट तिच्यातून सुटला नाही आणि पाय पिळला गेला. “मामी, पाय उचलतच नाहीये,” एवढंच ती म्हणाली. रडली नाही, म्हणून मी जास्त घाबरले.

सकाळी ज्या स्लेजवाल्याला आम्ही “नको, नको” म्हणत पुढे गेलो होतो, त्यानेच तिला स्लेजवर निजवून रस्त्यापर्यंत ओढत आणलं. तिथून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीने टंगमर्ग, पुढे दुसऱ्या गाडीने श्रीनगर. अंतर साधारण ५० किलोमीटर, पण त्या दिवशीच्या बर्फात आम्हाला साडेतीन तास लागले. नडगीचं हाड मोडलं होतं.

प्रवास विमा आम्ही काढलेला होता. आठही जणांचा एकत्र, सहल ठरवतानाच. त्याच्या माहितीपत्रकावर बर्फाचे डोंगर होते आणि रंगीत जॅकेटं घातलेलं हसरं कुटुंब होतं. दाव्याला उत्तर आलं ते दोन ओळींचं: स्कीइंग हा साहसी खेळ आहे, साहसी खेळ पॉलिसीतून वगळलेले आहेत.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाही. त्यानंतर मी सहा पॉलिसींच्या अटी मुळापासून वाचल्या. एकीत साहसी खेळ सरसकट वगळलेले. दुसरीत फक्त स्पर्धेत किंवा पैसे घेऊन खेळणाऱ्यांना वगळलेलं. तिसरीत जादा हप्ता भरला तर स्कीइंग चालतं, पण आखलेल्या आणि दाबून सपाट केलेल्या उतारांवरच. स्लेजचा उल्लेख एकीतही नाही. गुलमर्गला जाणारं लहान मूल एक वेळ स्कीवर उभं राहणार नाही, पण स्लेजवर बसल्याशिवाय परत येत नाही. मग स्लेज हा साहसी खेळ आहे की नाही?

महोदय, यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. भाचीच्या हॉस्पिटलचं बिल अखेर तिच्या वडिलांच्या साध्या कौटुंबिक मेडिक्लेमने दिलं. का दिलं, याचं उत्तर आपल्याच प्राधिकरणाकडे आहे. २०१९ साली आपण आरोग्य विम्यात काय काय वगळता येईल याचे शब्द सर्व कंपन्यांसाठी एकसारखे ठरवून दिलेत. धोक्याच्या आणि साहसी खेळांसाठीच्या कलमात तुम्ही दोन शब्द घातलेत: ‘व्यावसायिक म्हणून’. त्यामुळे सुट्टीत हौसेने शिकणारी मुलगी त्या कलमात अडकत नाही. ज्यांनी हे शब्द लिहिले, त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्यांच्यामुळे एका घराचं मोठं बिल भागलं.

मग हाच न्याय प्रवास विम्याला का नाही? डोंगरातल्या सुट्टीसाठी म्हणून मुद्दाम विकला जाणारा विमा हात वर करतो आणि ज्याचा बर्फाशी काही संबंध नाही असा मेडिक्लेम धावून येतो, हे उलटं आहे. शिवाय मेडिक्लेम फक्त हॉस्पिटलपुरता. आमचं बाकीचं सगळं अंगावर पडलं: दोन गाड्यांचं भाडं, श्रीनगरमधले पाच जादा दिवस, आठ जणांची बदललेली तिकिटं, प्लॅस्टरमधला पाय सरळ ठेवता यावा म्हणून विमानात घेतलेल्या जास्तीच्या जागा. प्रवास विमा याच खर्चांसाठी असतो, असं मी समजत होते.

उतारावरून खाली आणण्याचा खर्च तर वेगळाच लिहायला हवा. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात, पण जखमी माणूस डॉक्टरपर्यंत वेळेत पोचायला हवा. नताशा रिचर्डसन ही ब्रिटिश अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रांब्लाँ इथे नवशिक्यांच्याच उतारावर पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पडल्यावर ती व्यवस्थित बोलत होती, मदत नको म्हणाली आणि दोनच दिवसांत गेली. तेव्हापासून ‘सोपा उतार’ या शब्दांवर माझा विश्वास नाही. आमच्या भाड्याच्या साहित्यात हेल्मेट नव्हतं; मी हट्टाने मागून घेतलं. हेल्मेट नसेल तर दावा नाकारणार असाल, तर ते आधी आणि मोठ्या अक्षरांत सांगा. प्रत्येक आई ते मागून घेईल.

परदेशी जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणून पुण्या-मुंबईची कुटुंबं नेमका तेवढा काढतात आणि स्वित्झर्लंडला किंवा ऑस्ट्रियाला निघतात. व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा आहे, असा समज होतो. पण व्हिसाची अट पूर्ण करणाऱ्या त्या विम्यात स्कीइंग बसतंच असं नाही. फ्रान्सच्या स्की केंद्रांत उतारावरून खाली आणण्याचं बिल जखमीच्या नावावर निघतं. इटलीने तर १ जानेवारी २०२२ पासून स्की करणाऱ्या प्रत्येकाला तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा केला आहे. आपलं पोर दुसऱ्याच्या अंगावर आदळलं आणि त्याचा गुडघा गेला, तर ती भरपाई कोण देणार, हा प्रश्न त्यामागे आहे. इथे प्रवास विमा काढताना हा प्रश्न मला कुणीही विचारला नाही.

आणि सासूबाई. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवात शिखराच्या अंगाने जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो. तिथे त्यांना श्वास लागला, तर ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून दावा फेटाळला जाईल का? विकणाऱ्याला मी हे फोनवर विचारलं. “तसं काही होत नाही, ताई,” असं उत्तर मिळालं. तोंडी.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. आरोग्य विम्यात केलंत तेच प्रवास विम्यात करा: शब्द एकसारखे ठरवून द्या. शिक्षकाच्या देखरेखीखाली नवशिक्यांच्या उतारावरचं स्कीइंग, स्लेज, स्नोबाइक, गोंडोला यांची नावं घेऊन लिहा, आत की बाहेर. जे बाहेर आहे ते किती जादा हप्ता भरून आत येतं, तेही तिथेच लिहा. अर्जात आठ जणांना मिळून एक प्रश्न विचारू नका. आजीला वेगळा विचारा, नातीला वेगळा. आरोग्य विम्याचं माहितीपत्रक ग्राहकाला हवं असेल तर त्याच्या भाषेत मिळावं, हे आपण मान्य केलं आहे. प्रवास विम्याचं पानही मराठीत मिळू द्या, पैसे भरायच्या आधी. सहल कंपन्या गटाचा विमा काढतात तेव्हाही. फसगत झाल्यावर विमा लोकपालांकडे जाता येतं हे मला माहीत आहे. पण प्लॅस्टरमधल्या मुलीला सांभाळत कागद गोळा करणं काय असतं, ते आमच्या घराने भोगलं आहे.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. भाचीच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे आणि तिला तोच उतार उतरायचा आहे. सासूबाईंना या खेपेला वरच्या टप्प्यापर्यंत जायचं आहे, माझा मुलगा स्लेजवर बसणार, नवरा स्नोबाइक चालवणार. एका कंपनीचा अर्ज या क्षणी माझ्यासमोर आहे. त्यात विचारलंय: ‘साहसी खेळात भाग घेणार का?’ पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन आहेत, आठ जणांसाठी. त्यातल्या कुठल्या चौकोनात खूण करायची, ते मला लेखी कळवावं. तोवर अर्ज मी तसाच ठेवला आहे.

आपली,
ठाण्याची एक विमाधारक