खेळ रचणाऱ्याचा संगणक

भोकरदन तालुक्यांतील हसनाबादेहून एक गृहस्थ लिहितात कीं, पुतण्यास संगणकावरील खेळ रचण्याचा नाद लागला आहे. घरांतून ४०,००० रुपये निघतील. पण धाकट्या पुतणीचें शिक्षणशुल्कही त्यांतूनच भागवावयाचें आहे. तेव्हां यंत्र कोणतें घ्यावें?

रंगीत दिव्यांनीं लखलखणारी पेटी दुकानदार पुढें करील. तीस आम्ही दुरूनच नमस्कार करूं. कचेरींतून निघालेला, तपासून घेतलेला जुना डेस्कटॉप बराच स्वस्त पडतो. त्यांत १६ जीबी रॅम व एसएसडी असावी. पैसा प्रथम येथें घालावा. गोडो हें खेळ रचण्याचें साधन २०१४ पासून सर्वांस मोफत खुलें आहे, आणि त्यावरील साध्या द्विमितीय खेळास प्रोसेसरच्या पोटांतील ग्राफिक्सच पुरतें. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला ‘राजी’ अनरियल इंजिनवर रचलेला आहे. तसल्या कामास निराळें ग्राफिक्स कार्ड हवें, हें खरें. परंतु चिरंजीवांनीं पहिला खेळ तर पुरा करावा! कार्ड डेस्कटॉपांत मागाहून बसवितां येतें, बहुतेक लॅपटॉपांत येत नाहीं. म्हणूनच पेटी बुटकी नसावी, व आंतील पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे तें आधीं पहावें. वीज जात असल्यास लहानसा यूपीएस घ्यावा.

खेळ मोबाइलसाठीं असेल, तर त्याची परीक्षा घरांतील सर्वांत जुन्या मोबाइलवर करावी. त्यास कांहींच खर्च नाहीं, आणि उरलेली रक्कम पुतणीच्या नांवें आजच बाजूस काढावी.