कोणती गाडी चांगली?

मुंबईच्या रस्त्यांवर 'पद्मिनी' ही काळी-पिवळी टॅक्सी अनेक वर्षे धावली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिची सेवा संपली. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की अनेक जण म्हणतात, "पद्मिनी खरी लोखंडाची गाडी! मारुती म्हणजे पत्र्याचा डबा." हे मत योग्य आहे का? लगेच मान डोलवू नका. आधी माहिती पाहा, मग मत बनवा.

पद्मिनी ही मूळची इटलीच्या फियाट कंपनीची गाडी. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. मारुती 800 ही जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने 1983 मध्ये आली आणि 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आता आकडे पाहू. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, 1089 घनसेंटिमीटरचे. त्याची शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती. 1986 पासूनच्या मारुतीचे इंजिन तीन सिलिंडरचे, 796 घनसेंटिमीटरचे. त्याची शक्ती सुमारे 37 अश्वशक्ती. यावरून पद्मिनी अधिक जोरदार वाटेल. पण वजन पाहा. पद्मिनी सुमारे 900 किलोची, तर मारुती सुमारे 650 किलोची. भागाकार करा. पद्मिनीत एका अश्वशक्तीला साडेबावीस किलो ओढावे लागत, मारुतीत साडेसतरा. ज्याच्या डोक्यावर ओझे कमी, तो चटकन पळतो. म्हणून सिग्नल सुटताच मारुती पुढे निघे, आणि तिला पेट्रोलही कमी लागे.

हे वजन कमी कसे झाले? पद्मिनीचे इंजिन पुढे होते, पण ते मागची चाके फिरवी. त्यासाठी गाडीखालून एक लांब दांडा मागे नेलेला असे. मारुतीत इंजिन आडवे बसवले होते आणि ते पुढचीच चाके फिरवी. दांडा गेला, जागा वाचली, वजनही वाचले. तेव्हा हलकेपणा हा मारुतीचा दोष नव्हता. त्यामागे विचार होता. शिवाय जड गाडी थांबवायलाही अधिक जोर लागतो, हे विसरू नका. यंत्र म्हणून मारुतीच सरस, असे माझे मत आहे.

मग टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी का सोडली नाही? ते अडाणी होते म्हणून? मुळीच नाही. पद्मिनी जवळपास 3.9 मीटर लांब, मारुती सुमारे 3.3 मीटर. स्टेशनवर उतरलेल्या कुटुंबाच्या बॅगा पद्मिनीच्या डिकीत आणि टपावरच्या कॅरिअरवर सहज मावत. तिची चाके 14 इंचांची, मारुतीची 12 इंचांची. खड्ड्यांतून जाताना मोठे चाक उपयोगी पडते. आणि ती बिघडली तर गल्लीतला मेकॅनिकही ती दुरुस्त करी. त्याचे हे ज्ञान पुस्तकी ज्ञानापेक्षा कमी मोलाचे नाही. ज्याचे घर रोजच्या कमाईवर चालते, त्याला गाडी एक दिवसही बंद ठेवणे परवडत नाही. त्याच्यासाठी पद्मिनीच योग्य होती.

मित्रांनो, "कोणती गाडी चांगली?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणत्या कामासाठी चांगली?" असे विचारा. उद्या तुम्ही सायकल घ्याल, शिलाई मशीन घ्याल. तेव्हा दुकानदाराची स्तुती किंवा शेजाऱ्याची नाराजी ऐकून निर्णय घेऊ नका. आधी आपले काम ठरवा, मग आकडे तपासा आणि नंतरच पैसे मोजा.