समजले नाही, ही तक्रार कोणाची?

रंगमंचावर आपल्याला न कळणारी भाषा कानी पडली की प्रेक्षक दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो कान टवकारून पात्राच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो, नाही तर तिकिटाला मोजलेल्या पैशांचा हिशेब मांडू लागतो. या दोन प्रेक्षकांतला भेद नाट्यरुचीचा आहे, असे आपण समजतो. माझ्या मते तो भेद सत्तेचा आहे. सीमाभागातील मराठी माणसाने तो ओळखायला हवा, कारण आपण एकाच वेळी या भेदाच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत.

उदाहरण दूरचे आहे, पण नेमके आहे. ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही संगीतिका न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर प्रथम १९५७ साली आली. संगीत लेनर्ड बर्नस्टीन यांचे, गीते स्टीफन सॉन्डहाइम यांची, संहिता आर्थर लॉरेंट्स यांची आणि नृत्य व दिग्दर्शन जेरोम रॉबिन्स यांचे. रोमिओ-ज्युलिएटची कथा तिथे न्यूयॉर्कच्या गल्लीत उतरते. एका बाजूला जेट ही गोऱ्या तरुणांची टोळी, दुसऱ्या बाजूला शार्क ही प्वेर्तो रिकोहून आलेल्या तरुणांची. या चार कलावंतांपैकी प्वेर्तो रिकन एकही नव्हता. त्यामुळे शार्क टोळीतील माणसे आपसांतही इंग्रजीतच बोलत, प्रेम करत, शोक करत आणि गात. १९६१ च्या चित्रपटात तर मारियाची भूमिका नताली वुड या रशियन वंशाच्या अभिनेत्रीने केली आणि तिच्या गाण्यांना आवाज दिला मार्नी निक्सन या तिसऱ्याच गायिकेने. जिची कथा तिची भाषाही नाही, चेहराही नाही आणि गळाही नाही, अशी ही नायिका.

२००९ साली नव्वदी ओलांडलेल्या लॉरेंट्स यांनी स्वतः हे नाटक पुन्हा उभे केले, तेव्हा त्यांनी ही चूक दुरुस्त करायचे ठरवले. कोलंबियातील बोगोटा येथे झालेल्या एका स्पॅनिश प्रयोगाची हकिकत त्यांच्या कानी आली होती. तिथे भाषा शार्कांची झाल्याबरोबर नाटकाचे पारडेच फिरले होते. म्हणून त्यांनी लिन-मॅन्युएल मिरांडा या तरुण नाटककाराकडून शार्कांचे काही संवाद आणि गीते स्पॅनिशमध्ये करून घेतली. १९ मार्च २००९ रोजी पॅलेस थिएटरात हा द्विभाषिक प्रयोग सुरू झाला.

प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे दुभंगल्या. कोणाला हा बदल फार पूर्वी व्हायला हवा होता असे वाटले. कोणाला पाठ असलेली गाणी हिरावून घेतल्याचे दुःख झाले. कोणी म्हणाले, ऐन कळसाच्या प्रसंगी पात्रे काय बोलतात तेच कळेना. ऑगस्टमध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, स्पॅनिश गीतांचा काही भाग पुन्हा इंग्रजीत आला.

आता कोणती गाणी परत फिरली ते पाहा. एक ‘आय फील प्रिटी’, दुसरे ‘ए बॉय लाइक दॅट’. पहिले मारिया आपल्या मैत्रिणींपुढे गाते. दुसऱ्यात, ज्याच्या हातून आपला प्रियकर मारला गेला त्याच्यावरच मारियाचे प्रेम आहे हे कळलेली अनिटा तिला जाब विचारते. खोलीत त्या दोघीच आहेत, तिसरे कोणी नाही. ज्या घटकेला त्या दोघी इंग्रजी उच्चारण्याची सुतराम शक्यता नाही, नेमक्या त्याच घटकेला त्यांना इंग्रजीत गायला लावले गेले. स्पॅनिश टिकली कुठे? ‘टुनाइट’च्या समूहगीतात. तिथे पाच बाजूंचे सूर एकमेकांवर चढतात आणि कोणत्याही भाषेतील शब्द फारसे वेगळे ऐकू येत नाहीत. अल्पसंख्य भाषेला जागा मिळाली ती गोंगाटात. एकांतात, जिथे माणूस आईच्या भाषेत रडतो, तिथे मात्र ती खटकली.

‘आम्हांला समजले नाही’ ही तक्रार वरकरणी निरागस असते. पण ती करण्याची चैन कोणाला परवडते? प्वेर्तो रिको १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. १९१७ साली तेथील लोकांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले. कित्येक दशके तेथील शाळांवर इंग्रजी लादली गेली. त्या मुलांना समजत नव्हते तेव्हा त्यांची तक्रार कोणी ऐकली नाही. त्यांना सांगितले गेले, शिका. आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला दोन गाण्यांपुरते समजले नाही, तेव्हा नाटक बदलले. ज्याच्या न समजण्याने नाटक बदलते, तो बहुसंख्य. ज्याच्या न समजण्याने फक्त तोच बदलतो, तो अल्पसंख्य. याहून सुटसुटीत व्याख्या मला ठाऊक नाही.

इथवर वाचून सीमाभागातला वाचक मान डोलावील. कचेरीतला अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, बसवरची पाटी, यांपुढे उभे राहून ‘समजले नाही’ म्हणणारे आपणच. १९५६ पासून आपल्यालाही ‘शिका’ हेच उत्तर मिळत आले आहे. त्या मागणीवर मी तसूभरही मागे सरत नाही. पण नाटकाचा पडदा वर गेला की आपली जागा बदलते. बेळगावच्या कचेरीत आपण शार्क आहोत. आपल्याच गल्लीतल्या रंगमंचावर आपण जेट होतो.

आपल्या हौशी नाटकांतील कानडी माणूस आठवा. हवालदार, सावकार किंवा खानावळवाला. लिंगाचा घोळ घालत, हेल काढत तो मोडके मराठी बोलतो आणि आपण पोट धरून हसतो. तो घरी बायकोशी कानडीत काय बोलत असेल, हे ऐकण्याची आपली तयारी आहे काय? गोव्यातील देवळांच्या उत्सवांत पिढ्यान्पिढ्या मराठी संगीत नाटके करणारे गावकरी घरी कोंकणी बोलतात. त्यांनी मराठी नाटक जिवंत ठेवले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण त्याच मंडळींनी एखादा प्रवेश कोंकणीत केला, तर त्यात मराठीवरील आक्रमण दिसणारे लोक मला माहीत आहेत.

ज्या रंगभूमीच्या शुद्धतेसाठी हे चालते, तिचा उगम तरी पाहावा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’चे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांच्या पदांच्या चालींत कानडी चालीही आहेत. तंजावरच्या शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर मराठी चार भाषांच्या पंगतीला पाचवी म्हणून बसते आणि तिचे काही बिघडत नाही.

त्याहून जुनी गोष्ट सांगतो. कालिदासाच्या मूळ नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. संस्कृत नाटकांतील स्त्रिया पद्य गातात ते परंपरेने महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज भाषा रंगमंचावर दुय्यम भाषा म्हणूनच उभी होती आणि प्रेक्षक ती ऐकत होते. पुढे पोथ्यांत प्राकृत ओळींखाली संस्कृत ‘छाया’ लिहिली जाऊ लागली. सोय म्हणून आलेल्या या छायेने मूळ झाकले. आजचा विद्यार्थी छाया वाचतो आणि शकुंतलेचे स्वतःचे शब्द ओलांडून जातो. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण याच महाराष्ट्री प्राकृताचा दाखला मिरवला. ती भाषा न समजणाऱ्यांनी तेव्हाच ‘समजत नाही’ म्हणून रंगमंचावरून उतरवली असती, तर हा दाखला इतका भक्कम उरला असता काय?

यावर आक्षेप येईल की कानडी ही इथे सत्तेची भाषा आहे. तिला आपल्या रंगमंचावरही मान का द्यावा? आक्षेप खोटा नाही. पण सरकारी फतवा आणि शेजारणीचा हुंदका एकाच भाषेत असले, तरी एक नव्हेत. फतव्याशी आपले भांडण आहे, ते चालूच राहील. हुंदक्याची टिंगल करून ते भांडण जिंकता येत नाही. उलट आपल्या मागणीतला नैतिक जोर तेवढा कमी होतो. द्विभाषिकतेच्या नावाखाली मालकाला एक भाषा आणि गड्याला दुसरी, अशी जुनीच उतरंड पुन्हा रचली जाऊ शकते, हेही खरे. म्हणून कसोटी एकच ठेवावी: पात्र एकटे असताना, आपल्या माणसाजवळ असताना, कोणत्या भाषेत बोलते?

ब्रॉडवेचा तो प्रयोग २ जानेवारी २०११ रोजी थांबला, तोवर त्याचे ७४८ खेळ झाले होते. मूळ १९५७ च्या प्रयोगाचे ७३२ झाले होते. गाण्यांचा काही भाग परत फिरला हे खरे, पण उरलेल्या स्पॅनिशने प्रेक्षक पळाले नाहीत. २०२१ च्या चित्रपटात स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी स्पॅनिश संवादांखाली इंग्रजी उपशीर्षके मुद्दाम दिली नाहीत, तेव्हा २००९ साली अर्धवट राहिलेला वाद पुन्हा उभा राहिला आणि एक पाऊल पुढे सरकला.

आपल्याकडे उद्या कोणी ‘शारदा’ किंवा ‘सौभद्र’ सीमाभागाच्या दोन भाषांत उभे करील. करावेच. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेल्या मराठी प्रेक्षकाला दहा मिनिटे काही समजणार नाही. त्याने उठू नये, शेजाऱ्याला अर्थ विचारू नये, चेहऱ्यांकडे पाहावे. आपण सत्तर वर्षे सरकारला हेच सांगत आलो आहोत की आमचे म्हणणे आमच्या भाषेत ऐकून घ्या. ते ऐकून घेणे कसे असते, हे निदान आपल्याला तरी ठाऊक असायला हवे.