सिमेंटचं बलुतं

माझ्या मोबाईलमध्ये 42 फोटो आहेत. सगळे एका रविवारचे, कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार, नांगरामागचा शेतकरी. सगळी माणसं कामात. आणि एकालाही घाम नाही. कारण सगळी सिमेंटची.

मी मुंबईच्या गोदीत माल ओढतो. दहावी पास झालो आणि बापाच्या मागनं गोदीत शिरलो. कविता लिहितो. त्या छापणारे तुम्हीच, वाचणारे तुम्हीच. कलेवर बोलायचा परवाना माझ्याकडं नाही. पण काम करणाऱ्या माणसाचा पुतळा आणि त्या पुतळ्याचा फोटो ह्यावर बोलायचा हक्क कुणाचा असेल तर तो काम करणाऱ्याचाच. म्हणून बोलतो.

आधी समुद्राकाठची एक गोष्ट सांगतो, मग कणेरीला येतो.

2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत ससून डॉकवर कलेचं प्रदर्शन भरलं होतं. डॉक 1875 चं, मासळीचं. तिथल्या जुन्या गोदामांत आणि भिंतींवर चित्रं, मांडणीशिल्पं, आणि डॉकवरच्या कोळी माणसांचे भिंतभर काळे-पांढरे चेहरे. मी बापाबरोबर बघायला गेलो. बाप त्या चेहऱ्यांपुढं बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "आयला, कष्टकऱ्याचं तोंड एवढं मोठं करून लावलेलं पहिल्यांदाच बघतोय." तेवढ्यात बघ्यांतला एक कॅमेरेवाला पोरगा आला. बापाला म्हणाला, "काका, जरा हात पुढं धरा ना. असे. नाही नाही, तोंड नको, फक्त हात." बापानं हात पुढं केले. तीस वर्षांचे घट्टे. पोरानं चार फोटो मारले, थँक्यू म्हणाला आणि गेला. नाव विचारलं नाही.

बाप हसत होता. मला हसू आलं नाही. हात पाहिजेत, माणूस नको. ही मागणी मला नवी वाटली नाही. कुठंतरी आधी ऐकलेली होती. कुठं, ते मला कणेरीत कळलं.

आत्या कोल्हापुरात दिलेली. पाहुणा आला की त्याला कुठंतरी फिरवून आणल्याबिगर ती सोडत नाही. ह्या खेपेला म्हणाली, "कणेरीला जाऊया. पोरं बी लई मागं लागल्यात." गेलो. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांजवळच हे गाव. मठाच्या आवारात सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम. साधारण 7 एकर उघडं रान, त्यात 300 च्या वर पुतळे, माणसाएवढे. कल्पना अशी की, हे गांधींच्या स्वप्नातलं स्वयंपूर्ण खेडं. मोगल यायच्या आधीचं. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, एकमेकाला धरून नांदणारे.

कारागिरी चांगली आहे हे आधीच कबूल करतो. दंडाच्या शिरा, कपाळाच्या आठ्या, बैलाचं वशिंड. कोल्हापूर शिल्पकारांचं गाव, बाबूराव पेंटरांचं गाव. इथं पोराटोरांच्या हातातसुद्धा माती वळते. ज्यांनी हे पुतळे घडवले तीही रोजावर कष्ट करणारी माणसंच. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण त्या गोष्टीशी आहे, जी ह्या पुतळ्यांच्या तोंडून सांगितली जाते.

मी फोटो काढत होतो. आत्याची धाकटी, नऊ वर्षांची, प्रत्येक पुतळ्याशेजारी उभी राहात होती. सुताराजवळ फोटो. कुंभाराजवळ फोटो. मग एकदम थांबली आणि विचारलं, "दादा, ह्यातलं आपण कोण?"

आत्या म्हणाली, "चल पुढं. भेळ खायची न्हवं?"

मी उत्तर दिलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीपुढं माझी वाचा बसली. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

माझा आज्जा तासगाव तालुक्यातला. येसकर. म्हणजे गावच्या बलुत्यातला महार. त्याचं काम काय? चावडी झाडायची. गावात कुणी मेलं की रात्री-अपरात्री पायी दुसऱ्या गावी सांगावा घेऊन जायचा. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. शीव राखायची. कुणाचं बैल मेलं की ओढून न्यायचं. ह्या कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, नाही म्हणायची सोय नाही. मोबदला काय? खळ्यावर सगळ्यांचं माप झाल्यावर उरलेलं. आणि रोज संध्याकाळी दारोदार हिंडून भाकरी. आज्जा सांगायचा, भाकर हातात द्यायचे नाहीत. वरनं टाकायचे. नेम चुकला तर मातीतनं उचलायची. टाकणारी बाई वाईट नव्हती म्हणायचा. रीतच तशी.

हे आमचं बलुतं. दया पवारांनी 1978 साली आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं, ते काही कौतुकानं दिलं नाही.

आणि इतिहास बघा. ज्या कोल्हापूरच्या मातीत आज बलुत्याचे पुतळे उभे आहेत त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन मोडलं. राजा होता, वतनावर राज्य चालायचं, तरी मोडलं. कारण त्यांनी ओळखलं होतं की वतन म्हणजे जमिनीचा तुकडा दाखवून घातलेली बेडी. त्याच शाहूंनी गंगाराम कांबळेला चहाचं दुकान काढून दिलं आणि भर गावात तिथं बसून चहा प्याले. शेजारच्या ब्रिटिश मुलखात मात्र बेडी तशीच राहिली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. ते पास झालं नाही. शेवटी कायदा झाला 1958 साली, लागू झाला 1 ऑगस्ट 1959 ला. म्हणजे कोल्हापूरच्या हद्दीपलीकडं राहिला म्हणून माझ्या आज्जाच्या घराला 41 वर्षं जादा काठी धरावी लागली. 41 वर्षं! आणि आता तिकीट काढून आम्ही बघायचं की ते गाव किती गुण्यागोविंदानं नांदत होतं?

कुणी म्हणेल, अरे बाबा, जुने धंदे पोरांना कळावेत एवढाच हेतू आहे, तू कशाला कडू होतोस? तुला सगळीकडं जातच दिसते.

दिसते. का दिसते ते सांगतो.

पुतळ्यात काम दाखवता येतं. हुकूम दाखवता येत नाही. चांभार चप्पल शिवतोय हे सिमेंटात उतरतं. त्याच्या पोराला चप्पलच शिवावी लागेल, दुसरं काही करता येणार नाही, हे उतरत नाही. न्हावी दाढी करतोय हे उतरतं. तो कुणाची दाढी करणार नाही हे उतरत नाही. जात माणसात नसते, दोन माणसांमधल्या अंतरात असते. आणि अंतर ओतायचा साचा अजून कुणी काढलेला नाही. बाबासाहेबांनी 1936 सालीच सांगून ठेवलंय की जात ही कामाची वाटणी नाही, ती कामगारांचीच वाटणी आहे, वरखाली लावलेली. देखाव्यात नेमकी पहिली अर्धी गोष्ट राहते, दुसरी गळून पडते. मग जात म्हणजे हुन्नर वाटायला लागते. हात पाहिजेत, माणूस नको. ससून डॉकवरच्या त्या पोराला बिचाऱ्याला माहीतही नसेल तो कुठली जुनी भाषा बोलत होता.

म्हणून माझी एक विनंती. तुम्ही कणेरीला जा. जरूर जा. मोबाईल घेऊन जा. पण हसत शेजारी उभं राहायच्या आधी एवढं शोधा.

पाणवठे मोजा. विहीर दिसली तर विचारा, दुसरी कुठाय? 1927 साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डोकी फुटली, ती एकाच विहिरीच्या गावात फुटली नसती.

वेस शोधा. वेशीच्या बाहेर काय आहे ते बघा. गाव वेशीच्या आत संपत नव्हतं. आमचं तर तिथनंच सुरू व्हायचं.

मेलेलं जनावर शोधा. जित्या बैलाचा पुतळा कोणीही करील. त्याला ओढून नेणारा शोधा.

खळं शोधा. माप कोण घालतोय, आधी कुणाला मिळतंय आणि शेवटी कोण उभा आहे ते बघा.

टाकलेली भाकर शोधा. हातातनं सुटलेली, अजून खाली न पडलेली. ह्याच्याइतका शिल्पाला लायक क्षण दुसरा नाही. कुणा शिल्पकारात दम असेल तर करून दाखवावा.

ह्यातलं जे सापडेल त्याचा फोटो काढा आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवा. सगळं सापडलं तर मी पुढच्या अंकात जाहीर माफी मागीन. नाही सापडलं तर जे नाही त्याचीच यादी छापू.

"एवढ्यानं काय बिघडतं" म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगतो. शाळेची सहल येते. त्यात पाटलाचं पोरगं असतं आणि आमचंही असतं. दोघंही तोच फोटो काढतात. पाटलाचं पोरगं घरी जाताना विचार करतं, एवढं छान गाव होतं, मोडलं कुणी? त्याला उत्तर देणारे गल्लोगल्ली बसलेत. कुणी मोगल सांगतो, कुणी इंग्रज, आणि आवाज खाली करून सवलतीवाले सांगतो. आमचं पोरगं मात्र मान खाली घालून विचारतं, ह्यातलं आपण कोण? फोटो एक, धडे दोन.

1948 च्या 4 नोव्हेंबरला घटना समितीत बाबासाहेबांना ह्याच स्वप्नाला तोंड द्यावं लागलं होतं. गाव हा पाया धरा, असा लोकांचा आग्रह. बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, गाव म्हणजे अज्ञानाचं आणि कोत्या मनाचं डबकं. घटनेनं गाव सोडून व्यक्ती धरली ह्याचा मला आनंद आहे. मित्रांनो, आपण त्या एका ओळीवर जगतोय. घटनेच्या हिशेबात मी येसकराचा नातू नाही, एक माणूस आहे. सिमेंटचं गाव मला परत खाली बसवतं, ह्या धंद्यात किंवा त्या धंद्यात.

आणि बलुतं संपलंय असंही समजू नका. 2013 साली कायदा झाला, गटारात, मैल्यात माणूस उतरवायचा नाही. तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात. ती कुणाची असतात हे सांगायला पुतळा लागत नाही. मी ज्या ठेकेदाराकडं राबतो, त्याच्या वहीत माझं नाव कधी असतं, कधी नसतं. काम निघालं की बोलावणं, नाही तर घरी. अंगावर लोखंडी कॉईल घसरली तर मुकादम म्हणतो, "बघू." आज्जाला निदान माहीत होतं तो कुणाचा बांधील आहे. मला तेवढंही कळत नाही.

संध्याकाळी परत येताना मी आत्याला म्हटलं, बिंदू चौकात उतरू. पोरीला तिथं नेलं. चौकात दोन अर्धपुतळे आहेत. एक महात्मा फुल्यांचा, एक बाबासाहेबांचा. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं 9 डिसेंबर 1950 ला बसवलेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. लोकांनी आपल्या जित्या माणसाला चौकात उभं केलं.

पोरीनं बघितलं आणि म्हणाली, "दादा, ह्यांना हातच न्हाईत."

खरंच. छातीपर्यंतच पुतळे. हातात झाडू नाही, काठी नाही, रापी नाही. कोणतं काम करतायत ते कळत नाही. नुसता चेहरा आणि डोकं. तिला म्हटलं, "तू सकाळी विचारलंस ना, ह्यातलं आपण कोण? त्यातलं आपण कोणीच नाही. त्या गावातनं जे बाहेर पडले ते आपण. ह्या दोघांनी वाट दाखवली."

तिला किती कळलं माहीत नाही. तिनं बाबासाहेबांच्या पुढं उभं राहून फोटो काढायला लावला. तो 43 वा. बाकीचे 42 मी पुसलेले नाहीत. पुरावा म्हणून ठेवलेत.

तुमच्याकडंही मोबाईल आहे. रोज पन्नास फोटो काढता. एक काम करा. तुमच्या घरात, वस्तीत, नाक्यावर, धक्क्यावर जे राबतात त्यांचा फोटो काढा. चेहऱ्यासकट. आधी नाव विचारा. परवानगी घ्या. खाली लिहा, काय काम, किती तास, किती पैसे, हजेरी लागते की नाही, बाप काय करायचा, पोरगं काय शिकतंय. मग आपण आपलं प्रदर्शन मांडू. मठात नाही, तिकीट लावून नाही. भाऊच्या धक्क्याच्या रस्त्यावर, कोल्हापूरच्या बिंदू चौकात, जिथं माणसं कामाला जाता-येता थांबतील आणि स्वतःचं तोंड भिंतीएवढं बघतील.

माझ्या बापाचा फोटो मी काढलाय. पहिला तो लावू.

जयभीम.