छातीवरची पट्टी आणि आपली आशाताई

मैत्रिणींनो, इलॅस्टिक ताणलं तर वाढतं, सोडलं की पुन्हा होतं तसंच होतं. विजेची तार मात्र ताणली की तुटते. मग ताणणाऱ्या कापडावर विजेचं सर्किट बसवायचं कसं? उत्तर आपल्या ओळखीचंच आहे, स्क्रीन प्रिंटिंग! टी-शर्टवर नावं छापतात ना, तसंच. फक्त शाईत रंगाऐवजी चांदीचे बारीक कण आणि रबरासारखं लवचीक द्रव्य असतं. ही शाई जाळीतून ताणणाऱ्या पातळ फिल्मवर उमटवतात, भट्टीत सुकवतात आणि इस्त्रीसारख्या गरम दाबाने कापडावर चिकटवतात. रेघा बहुधा नागमोडी काढतात, म्हणजे ताण पडला तरी तुटत नाहीत.

तरी ताणल्यावर चांदीचे कण थोडे लांब जातातच आणि विजेला अडथळा वाढतो. पण याच दोषाचा उपयोग करून घेता येतो. छातीवर पट्टी बांधली की प्रत्येक श्वासाला ती ताणते, अडथळा बदलतो आणि श्वास मोजला जातो.

आता म्हणाल, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत याचं काय काम? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बाळाचे श्वास मोजायला मण्यांचं साधं साधन बनवलं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, तर तो धोक्याचा इशारा. गावातल्याच बायकांना शिकवून 'सर्च'ने गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज देशभर आशाताई हेच काम करतात.

रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाचे श्वास अंधाऱ्या खोलीत मिनिटभर मोजणं किती अवघड, हे आईलाच ठाऊक! तिथे अशी पट्टी कामाची आहे. पण माझं म्हणणं एवढंच, की ती बनवणाऱ्यांनी आधी आशाताईला विचारावं. पट्टी धुता येईल का? मोबाईलला रेंज नसताना चालेल का? नाजूक कातडी सोलणार तर नाही? बिघडली तर दुसरी कधी मिळेल?

आणि ती बनवणारे हात आपल्या मुलींचे का नसावेत? गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिलाई आणि छपाई तर बचत गटांनाही नवी नाही. मुलगी सायन्सला जाते म्हणाली, तर तिला अडवू नका. ज्या घरात बाळाचा श्वास मोजायचाय, त्या घराची अडचण तिला सांगावी लागणार नाही.