वीस डॉलरवरची चोर

ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर चष्मा लावलेली एक बाई आहे. मेरी रीबी. तिने घोडा चोरला होता. मोटिव्हेशनल रील्सवाले तिची गोष्ट ‘चोर ते उद्योजिका’ म्हणून विकतात. मला ही मांडणी साफ खोटी वाटते.

मेरी १७७७ ची, लँकेशायरची. आईबापाविना आजीजवळ वाढली. तेराव्या वर्षी पोराचे कपडे घालून, जेम्स बरो असं नाव सांगत फिरताना घोड्याच्या चोरीत सापडली. सात वर्षं समुद्रापार, अशी शिक्षा झाली. १७९२ च्या ऑक्टोबरात ती सिडनीला उतरली. दोन वर्षांनी थॉमस रीबीशी लग्न झालं, हा गडी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला (कंपनी कुठे नव्हती!). १८११ मध्ये तो गेला तेव्हा तिच्या पदरात सात मुलं होती. जहाजं, गोदामं, जमिनी तिने एकटीने वाढवल्या. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली तीही तिच्याच एका घरात.

रीलमध्ये न येणारी गोष्ट पुढे आहे. १८२० मध्ये ती इंग्लंडला जाऊन आली, आणि १८२८ च्या जनगणनेत तिने स्वतःबद्दल सांगितलं, ‘१८२१ मध्ये मोकळी म्हणून इथे आले.’ शिक्षा कधीच संपली होती, पैसा होता, मान होता. तरी डाग लपवावा लागला. १८५५ मध्ये ती वारली आणि नोटेवर आली १९९४ मध्ये. याला माफी म्हणत नाहीत, हे पैशाचं कौतुक आहे. तिच्यासारख्याच आलेल्या, पण गरीबच राहिलेल्या बायकांना कुणी नोटेवर छापलं नाही.

आणि आपण? माझं गाव महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनूंचं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले. त्यांचं नाव आम्ही छाती फुगवून सांगतो, सांगायलाच हवं. पण अशा नावांच्या उजेडात बाकीचे दिसेनासे होतात. काळं पाणी म्हटलं की आपल्याला फक्त राजबंदी आठवतात. अंदमानात १८५८ पासून साधे कैदी जात होते, त्यात बायकाही होत्या. साउथ पॉइंटला त्यांचा वेगळा तुरुंग होता. १८६० च्या दंडविधानातलं कलम ७५ असं की चोरीची शिक्षा भोगलेल्याने पुन्हा चोरी केली तर जन्मठेपेचं काळं पाणी देता येई. कलम ४१२ प्रमाणे दरोड्यातला माल जाणूनबुजून ठेवून घेतला तरी तेच. म्हणजे नवऱ्याने आणलेली पुतळ्यांची माळ पेटीत दडवली, तरी समुद्र! गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर आणि कलम. काही वर्षांनी लग्नाची परवानगी मिळालेला पुरुष कैदी तुरुंगात येऊन बायको पसंत करायचा. यांतल्या एकीचंही नाव मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर चोरी जन्मालाच चिकटवली. १९५२ मध्ये तो रद्द झाला, असं कागद म्हणतो. आजही जत्रेत कुणाचं मंगळसूत्र गेलं की पालावरच्या पारधी बायकांच्या पिशव्या आधी उलट्या होतात, पुरावा नंतर. पिशव्या उलट्या करणाऱ्यांच्या फोनवर मेरी रीबीची रील आली, तर ते तिला लाइक देतील.