बाकावरची पुंजी

एखाद्या जुन्या पेढीतील पाच कर्ती माणसे एकाच वर्षी निघून गेली तर त्या पेढीचे काय होते, हा प्रश्न व्यापारी घराण्यांना नवा नाही. गिऱ्हाईक बिचकते, उधारीवर माल देणारे सावध होतात आणि बाजारात कुजबुज सुरू होते. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघापुढे २०२३ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न उभा होता. त्याचे उत्तर त्या संघाने पुढच्या हंगामात मैदानावर दिले. ३८ सामने झाले, ३८ जिंकले आणि पराभवाचा रकाना अखेरपर्यंत कोरा राहिला.

हा पराक्रम समजून घेण्यासाठी त्याच्या आधीचा ताळेबंद पाहिला पाहिजे. २०२२-२३ च्या हंगामात हाच संघ ३६ सामने सलग जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. डॅलस येथे ३१ मार्च २०२३ रोजी आयोवा विद्यापीठाने त्याला ७७-७३ असे हरवले. आयोवाच्या केटलिन क्लार्क हिने एकटीने ४१ गुण मिळवले. साउथ कॅरोलायनाचा तो हंगामातील एकमेव पराभव. परंतु राष्ट्रीय स्पर्धेत एकदा हरलेला संघ थेट घरी जातो. त्यानंतर सामन्याच्या आरंभी मैदानात उतरणाऱ्या पाचही खेळाडू विद्यापीठातून बाहेर पडल्या. जाणत्या जाणकारांनीही नव्या संघाकडून फार मोठी अपेक्षा ठेवली नव्हती.

त्या उपांत्य सामन्यातील एक क्षण विशेष बोचरा होता. रेव्हन जॉन्सन या साउथ कॅरोलायनाच्या तरुण खेळाडूच्या हाती दूर अंतरावर चेंडू होता. तिला अडविण्याची गरजच नाही, अशा अर्थाने क्लार्कने हात झटकला आणि ती मागेच राहिली. हिची लांबची फेक लागणार नाही, असा त्याचा उघड अर्थ होता. ते दृश्य देशभर पुन्हापुन्हा दाखविले गेले. खेळ सोडून द्यावा, असा विचार त्या काळात मनात आल्याचे जॉन्सनने पुढे जाहीरपणे सांगितले. तिने खेळ सोडला नाही. ज्या फेकीवरून तिची उपेक्षा झाली, त्याच फेकीचा सराव तिने उन्हाळाभर केला.

या संघाच्या प्रशिक्षिका डॉन स्टेली यांनाही अपयशाचा परिचय जुना आहे. फिलाडेल्फिया शहरातील सरकारी वसाहतीत त्या वाढल्या. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षे त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत पोहोचल्या. विजेतेपद एकदाही मिळाले नाही. पुढे खेळाडू म्हणून त्यांनी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली. २००८ मध्ये त्या साउथ कॅरोलायनात आल्या, तेव्हा पहिल्या हंगामात संघाने १० सामने जिंकले आणि १८ गमावले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले ते २०१७ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. दुसरे २०२२ मध्ये आले. ज्यांनी इतकी वर्षे धीराने पेरणी केली, त्यांना पाच खेळाडू गेल्याचे दुःख झाले असेल. हातपाय गाळावेत असे मात्र वाटले नसावे.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात. बाकीच्या बाजूच्या बाकावर बसतात आणि प्रशिक्षक सांगतील तेव्हा आत जातात. बदलीवर मर्यादा नसते. दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि त्या चाळीस मिनिटांत खेळाडू सतत धावत असतात. म्हणून ज्या संघाचा बाक भक्कम, त्याचे पाय शेवटच्या दहा मिनिटांतही ताजे. अनेक संघ बाकाकडे केवळ अडचणीच्या वेळची सोय म्हणून पाहतात. स्टेली यांनी त्याला राखीव निधीचे स्थान दिले आणि तो निधी रोजच्या व्यवहारात खेळता ठेवला.

६ नोव्हेंबर २०२३ रोजी पॅरिस येथे हंगामाचा प्रारंभ झाला. समोर नोट्र डेमसारखा नामांकित संघ होता. साउथ कॅरोलायनाने १००-७१ असा विजय मिळविला. विद्यापीठाच्या कोलंबिया शहरातीलच मिलेझिया फुलवायली ही नवी मुलगी त्या सामन्यात अशी खेळली की पहिल्याच दिवशी तिचे नाव सर्वतोमुखी झाले. संघातील सर्वांत उंच खेळाडू होती ब्राझीलची कमिला कार्डोसो. सहा फूट सात इंच उंचीची ही मुलगी पंधराव्या वर्षी घर सोडून अमेरिकेत शिकायला आली होती. आदल्या हंगामापर्यंत ती बाकावरूनच आत येत असे. आता ती संघाचा आधारस्तंभ झाली. तरीही सामन्यामागे तिची सरासरी सुमारे १४ गुणांचीच होती, कारण गुणांचा भार अनेकींनी वाटून घेतला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून खेळण्यास गेली. त्या काळात कनेक्टिकटचा मातब्बर संघ पाहुणा म्हणून आला आणि कार्डोसोविना खेळणाऱ्या साउथ कॅरोलायनाकडून ८३-६५ असा हरून गेला. मुख्य व्यक्ती परगावी असताना दुकान कसे चालते, यावरून दुकानाची खरी प्रकृती कळते.

अपराजित हंगाम म्हणजे सर्व सामने सोपे गेले, असे नव्हे. ९ मार्च रोजी विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध संघ दोन गुणांनी मागे होता आणि घड्याळात एका सेकंदाहून किंचित अधिक वेळ उरला होता. चेंडू कार्डोसोच्या हाती आला. महाविद्यालयीन कारकिर्दीत तिने तोवर तीन गुणांची एकही फेक यशस्वी केली नव्हती. तिने फेकलेला चेंडू फळ्यावर आदळून जाळीत पडला आणि संघ ७४-७३ असा तरला.

दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटविरुद्ध विजय मिळाला. पण अखेरच्या मिनिटांत धक्काबुक्की झाली. कार्डोसोने प्रतिस्पर्धी खेळाडूला ढकलून पाडले. तिला मैदानाबाहेर काढण्यात आले आणि पुढच्या एका सामन्यास मुकावे लागले. स्टेली यांनी विजयाचा आनंद बाजूला ठेवून तेथेच सर्वांची क्षमा मागितली. कार्डोसोनेही जाहीर माफी मागितली. तिच्या गैरहजेरीत राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना संघाने ९१-३९ असा जिंकला.

त्याच स्पर्धेत इंडियानाविरुद्ध २२ गुणांची आघाडी वितळत वितळत दोन गुणांवर आली. शेवटच्या मिनिटात चेंडू लांब अंतरावर रेव्हन जॉन्सनच्या हाती आला. वर्षभरापूर्वी जिला कोणी अडवायलाही गेले नव्हते, तिने तीच तीन गुणांची फेक केली आणि ती लागली. सामना ७९-७५ असा जिंकला गेला.

७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलँड येथे अंतिम सामना झाला आणि समोर पुन्हा आयोवाच होता. पहिल्या भागातच क्लार्कने १८ गुण मिळवून आपल्या संघाला पुढे नेले. साउथ कॅरोलायनाने घाई केली नाही. क्लार्कला अडविण्याचे काम जॉन्सनकडे होते आणि तिच्या मदतीला बाकावरून ताज्या दमाच्या खेळाडू येत राहिल्या. मध्यंतराला संघ ४९-४६ असा पुढे होता आणि अखेरीस ८७-७५ असा विजयी झाला. क्लार्कचे एकूण ३० गुण झाले. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत १८ आणि उरलेल्या तीस मिनिटांत १२. कार्डोसोने १५ गुण मिळवले आणि फळ्यावरून परतणारा चेंडू १७ वेळा झेलला. पण त्या दिवसाचा सर्वांत बोलका आकडा वेगळाच होता. साउथ कॅरोलायनाच्या बाकावरील खेळाडूंनी ३७ गुण मिळवले. आयोवाच्या बाकावरून शून्य. त्या ३७ पैकी १९ गुण टेसा जॉन्सन या पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थिनीचे होते.

क्लार्कच्या श्रेष्ठत्वाला या पराभवाने उणेपणा येत नाही. महाविद्यालयीन खेळात ३,९५१ गुण मिळविणाऱ्या त्या खेळाडूमुळे देशाचे लक्ष या स्पर्धेकडे वळले होते, आणि त्याबद्दल स्टेली यांनी विजयाच्या व्यासपीठावरूनच तिचे आभार मानले. महिलांच्या प्रथम श्रेणीत राष्ट्रीय विजेतेपदासह अपराजित राहिलेला हा केवळ दहावा संघ होता.

हिशेबाची एक बाजू अजून उरते. तो अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीचा पुरुषांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. महिलांच्या सामन्याने पुरुषांच्या सामन्याला मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ होती. असे असूनही पुरुषांच्या संघांना राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे उत्पन्नातील जो हिस्सा त्यांच्या विभागीय संघटनेमार्फत मिळत असे, तसा हिस्सा महिलांच्या संघांना मिळत नव्हता. विजेत्या साउथ कॅरोलायनाच्या खात्यावरही त्यापोटी काही जमा झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने हा भेद दूर करण्याचा निर्णय घेतला आणि पहिल्या वर्षासाठी १ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद केली. माल खपत होता, गिऱ्हाईक रांगेत उभे होते. फक्त खातेवहीत त्यांच्या नावाचे पान उघडलेले नव्हते.

विजयाची मालिकाही कायमची नसते. पुढच्या हंगामात पाच सामने जिंकल्यावर, म्हणजे सलग ४३ विजयांनंतर, २४ नोव्हेंबर २०२४ रोजी यूसीएलए विद्यापीठाने या संघाला ७७-६२ असे हरविले. तरीही संघ एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे कनेक्टिकटने ८२-५९ असा स्पष्ट पराभव केला. आकडे आले आणि गेले. बाकावरच्या मुलींना वेळीच संधी देण्याची रीत मात्र त्या संघात टिकून राहिली.

आपल्याकडील अनेक पेढ्यांत असा बाक असतो. घरातील कन्या वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बसलेली असते, सुनेला हिशेबाची उत्तम जाण असते. परंतु धनादेशावर सही करण्याचा अधिकार, मालाची खरेदी ठरविण्याचा अधिकार, व्यापाऱ्याशी बोलणी करण्याचा अधिकार तिच्याकडे येतो तो बहुधा संकट कोसळल्यावर. तोवर तिला सराव मिळालेला नसतो, आणि चुकली तर दोष तिच्याच माथी येतो. स्टेली यांनी टेसा जॉन्सनला अंतिम सामन्यात पहिल्यांदा मैदानात उतरविले नव्हते. हंगामभर, लहानमोठ्या सामन्यांत, चुका होऊ देऊन तिला खेळविले होते. अंतिम सामन्यातील १९ गुण त्या संधींतून साठत आले होते. ज्या घरात दिवाळीच्या वहीपूजनाला मुली-सुना हौसेने बसतात, त्या घरात पाडव्यानंतरच्या पहिल्या खरेदीचा एखादा निर्णय त्यांच्यावर सोपवून पाहावा. व्यवहार लहान असला तरी चालेल.